बाळाचं पहिलं वर्ष: डायपर, दुधाचा डबा, औषधाची बाटली आणि पैसे

ए-३०२: सोसायटीतल्या सर्वांना नमस्कार. पुढच्या महिन्यात आमच्याकडे बाळ येतंय. खरेदीची यादी वाढतच चालली आहे. आधी काय घ्यायचं, काय थांबवायचं आणि पैशांची सोय कशी लावायची, जाणकारांनी कृपया सांगा.

बी-१०४ काकू: अभिनंदन रे दोघांचं! डायपरपासून सुरुवात करते, कारण साठा करून ठेवण्याची चूक तिथेच होते. नवजात माप बहुतेक साडेचार-पाच किलोपर्यंतच चालतं. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतं, १०-१४ दिवसांत भरून निघतं आणि मग दिवसाला २५-३० ग्रॅमने वाढतं. ३ किलोच्या बाळाला ते माप दोन-सव्वादोन महिने पुरेल, ३.८ किलोच्या बाळाला जेमतेम सव्वा महिना. म्हणून आत्ता एकच पाकीट आण, पुढचं जन्मवजन कळल्यावर.
सुरुवातीला दिवसाला १० लागतात, नंतर ६-७. वर्षाचे साधारण अडीच हजार होतात, त्यामुळे पाकिटाची किंमत पाहू नकोस, किमतीला नगांनी भागून एका डायपरचा दर काढ. शी पाठीकडून वर यायला लागली की माप लहान झालंय. अशा वेळी कंपनी बदलण्यात अर्थ नाही, पुढचं माप घे.

सी-५०१ काका: कापडी वापरणार असाल तर रोज धुण्याच्या हिशेबाने २०-२४ लंगोट लागतील. धुताना सॉफ्टनर अजिबात घालू नका. कापडावर थर बसतो आणि ते पाणी शोषेनासं होतं.

डी-२०३ सिस्टर: दादा, दूध पुरतंय का हे रडण्यावरून ठरवू नका, ओल्या लंगोटांवरून ठरवा. सहाव्या दिवसापासून २४ तासांत किमान ६ ओले हवेत. नवजात बाळ दिवसाला ८ ते १२ वेळा पितं, त्यामुळे "सारखं मागतंय, म्हणजे दूध कमी" असं समजून पावडरचा डबा उघडण्याची घाई नको.
काढलेलं आईचं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रीजच्या आतल्या भागात ४ दिवस. दारात ठेवू नका, दार उघडलं की तिथलं तापमान वर-खाली होतं. फ्रीझरमधलं फ्रीजमध्ये वितळवलं की २४ तासांत संपवायचं आणि पुन्हा गोठवायचं नाही. मायक्रोवेव्हमध्येही नको, बाटली बाहेरून कोमट लागते आणि आतलं दूध मधेच चटका बसेल इतकं तापलेलं असतं.

ए-३०२: आणि डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलंच तर?

डी-२०३ सिस्टर: पावडर निर्जंतुक नसते, हे आधी लक्षात घ्या. म्हणून पाणी खळखळ उकळायचं, झाकून ठेवायचं आणि अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली जायच्या आधी वापरायचं. त्या उष्णतेनेच पावडरीतले जंतू मरतात. क्रम महत्त्वाचा: *बाटलीत आधी पाणी, मग पावडर.* उलट केलं तर पाणी कमी पडतं आणि दूध घट्ट होतं. चमचा डब्यातलाच घ्या. पावडर दाबू नका, स्वच्छ सुरीने वरून सपाट करा. किती पाण्याला किती चमचे हे त्याच डब्यावर वाचा, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. मग बंद बाटली नळाखाली धरून गार करा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा.
डबा पुरवायला पाणी वाढवणं सगळ्यात घातक. रक्तातलं सोडियम उतरतं आणि बाळाला झटके येऊ शकतात. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी देत नाहीत, त्याचंही हेच कारण. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर ओतून द्या.

सी-५०१ काका: यातला खर्च आधीच मांडून ठेव. रोज किलोमागे अंदाजे १५० मिली धरलं तर ५ किलोच्या बाळाला ७५० मिली. १०० मिलीला १३-१४ ग्रॅम पावडर, म्हणजे रोज साधारण १०० ग्रॅम. ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो! हा आकडा महिन्याच्या बजेटमध्ये नसेल तर विसाव्या दिवशी पाणी वाढवायचा मोह होतो.

डी-२०३ सिस्टर: अगदी खरं, काका.
आता औषधं. हा मेसेज स्टार करून ठेवा. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये बऱ्याचदा १ मिलीत १०० मिग्रॅ असतं आणि सिरपमध्ये ५ मिलीत १२०, म्हणजे १ मिलीत फक्त २४. समजा डॉक्टरांनी ५ किलोच्या बाळाला ७५ मिग्रॅ सांगितलं. सिरपचे ते सुमारे ३ मिली होतात, ड्रॉप्सचे पाऊण मिली. सिरपचं माप डोक्यात ठेवून ड्रॉप्सचे ३ मिली दिले की चौपट डोस जातो आणि यकृताला इजा होऊ शकते. म्हणून चिठ्ठीवर मिली आणि मिग्रॅ दोन्ही लिहून घ्या, बाटलीशी पडताळा आणि सुईशिवायच्या सिरिंजनेच द्या.
ड जीवनसत्त्वाचंही तसंच. रोजचं माप ४०० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक). काही बाटल्यांत ते १ मिलीत असतं, काहींत एका थेंबात. ब्रँड बदलला की पुन्हा वाचा.
तीन महिन्यांच्या आत ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप आला तर घरी औषध देऊन वाट बघायची नाही, रात्र असली तरी दवाखान्यात न्यायचं.

बी-१०४ काकू: झोपण्याचं थोडक्यात: पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, मोठ्यांच्या खोलीत पण स्वतःच्या जागेवर. उशी, गोधडी, कडेचे लोड, मऊ खेळणी काही नको. म्हणजे त्या सगळ्याचे पैसेही वाचले. वॉकर घेऊच नका, कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. मध वर्षभर चाटवायचासुद्धा नाही, त्यातल्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम (स्नायू लुळे करणारी विषबाधा) होऊ शकतो.

ए-३०२: वापरलेल्या वस्तू घेतल्या तर चालतील?

बी-१०४ काकू: कपडे, टब, पुस्तकं खुशाल. दुधाच्या बाटलीची बुचं (निपल) नवीनच घे. गाडीतली बाळाची सीट अपघातात सापडलेली नाही याची खात्री नसेल तर नको, आतली चीर बाहेरून दिसत नाही. ती मागे तोंड करून बसवायची आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीच नाही. खांद्याजवळचा पट्टा चिमटीत पकडता आला तर तो सैल आहे. जाड जॅकेट काढून मग पट्टा लाव.

सी-५०१ काका: आता पैसे. रजेच्या काळात दोघांचा मिळून हातात किती येणार तो आकडा काढ आणि याच महिन्यात तेवढ्यात घर चालवून बघ. उरलेले वेगळ्या खात्यात टाक. निदान सहा महिन्यांचा खर्च लगेच काढता येईल असा हवा, तोवर मुलाच्या नावाने लांब मुदतीत काही अडकवू नकोस.
विमा कमावणाऱ्याच्या आयुष्यावर काढ, आणि साधा टर्म (ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा). बाळाच्या मिळकतीवर कोणी अवलंबून नाही. आरोग्य विम्याच्या कंपनीला बाळ होण्याआधीच लेखी विचार: बाळाला कव्हर कोणत्या दिवसापासून, किती दिवसांत कळवायचं, कागद कोणते. ती मुदत चुकली की बाळाचं नाव अनेकदा थेट पुढच्या नूतनीकरणालाच घालता येतं, आणि नवजात विभागातला मुक्काम नेमका त्याच्या आधी होऊन जातो. बाळाला नॉमिनी केलंस तर सोबत सज्ञान व्यक्तीचं नाव लागतं, तो रकाना रिकामा सोडू नकोस.
पाळणाघर ठरवताना फीइतकंच हे विचार: बाळाला ताप असेल त्या दिवशी ते घेतात का आणि त्या दिवसाची फी लागते का. पहिल्या वर्षी आजारपणं बरीच होतात, दोघांच्या सुट्ट्या तेवढ्यासाठी राखा.

ए-३०२: खूप आभार. शेवटचं विचारतो, रात्रीचं कसं जमवायचं?

डी-२०३ सिस्टर: रात्रीचे दोन भाग करा. बाळाच्या आईला सलग चार-पाच तास झोप मिळेल असं बघा, त्या वेळात लंगोट, ढेकर, पुन्हा झोपवणं तुमच्याकडे. बाळ प्यायला उठलं तर तिच्याजवळ नेऊन द्या आणि झालं की लगेच परत घ्या.
पहिले काही दिवस रडू येणं, मन हळवं होणं स्वाभाविक आहे. दोन आठवड्यांनंतरही उदासी किंवा धास्ती गेली नाही, किंवा बाळ झोपलेलं असूनही तिला झोप येत नसेल, तर डॉक्टरांकडून एडिनबरा प्रश्नावली (बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखणारी) भरून घ्या. दहाच प्रश्न आहेत. दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे "कधीच नाही" सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी घेऊन जा आणि तिला एकटं ठेवू नका. मध्यरात्र असली तरी माझी बेल वाजवा.