प्रौढांचा एडीएचडी: आधी गोळी की आधी सवय?

शेवंती (धागाकर्ती)

वयाच्या ३९व्या वर्षी मला एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकवणे आणि चंचलता आवरणे अवघड करणाऱ्या विकाराचे, निदान झाले. तोवर 'हुशार आहे, पण मन लावत नाही' हे वाक्य मी शाळेत, सासरी आणि कार्यालयात इतक्यांदा ऐकले होते की ते मला स्वतःलाच पटले होते. मी हिशेबनीस आहे. दर महिन्याच्या २० तारखेला भरायची जीएसटीची विवरणपत्रे १९च्या रात्री दोन वाजता पूर्ण होत. संगणकाच्या कडेला मी पिवळ्या चिठ्ठ्या लावत असे, पण चार दिवसांत त्या भिंतीच्या रंगासारख्या दिसेनाशा होत. याद्या, गजर, पहाटे उठणे, ध्यान असे सगळे उपाय मी केले आणि प्रत्येक उपाय सुटल्यावर अपराधीपणा तेवढा वाढला.

मेथिलफेनिडेट हे त्यावरचे उत्तेजक औषध सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एक फाइल उघडून ती संपेपर्यंत मी जागेवर बसले. हे औषध मेंदूतील डोपामाइन आणि नॉरएपिनेफ्रिन पुन्हा शोषले जाण्याची क्रिया अडवते, म्हणून ही रसायने पेशींमधल्या फटीत अधिक काळ उपलब्ध राहतात. ज्यांचे नुकसान उघड दिसते आहे, त्यांना 'आधी शिस्त लावून बघा, औषध शेवटी' असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. आपले मत काय?

दीपमाळ

शेवंतीताई, आपला अनुभव मी नाकारत नाही, परंतु आपल्या निष्कर्षाशी सहमत नाही. माझ्या धाकट्या भावाला अर्ध्या तासाच्या एका भेटीत हेच निदान मिळाले आणि त्याच दिवशी उत्तेजक औषधही मिळाले. लक्षणे बाराव्या वर्षाआधी होती का, हे डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेनुसार पाहणे आवश्यक असताना आईला कोणी एक प्रश्नही विचारला नाही. तो रात्री तीनपर्यंत जागायचा, त्याची भूक मेली आणि छातीत धडधड सुरू झाली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांना त्याची मूळ तक्रार झोपेची आणि चिंतेची असल्याचे आढळले. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनाही प्रौढांच्या बाबतीत आधी परिसरात बदल करा आणि तरीही लक्षणीय अडचण उरली तरच औषध सुचवा, असेच सांगतात. गोळी उतरली की माणूस पुन्हा तिथेच येतो. सवय मात्र त्याच्यापाशी राहते.

शेवंती

आपल्या भावाच्या बाबतीत जे झाले ते चुकीचेच होते. औषधापूर्वी रक्तदाब, नाडी, वजन आणि हृदयविकाराचा पूर्वेतिहास पाहिलाच पाहिजे. माझ्या डॉक्टरांनी तर शाळेची प्रगतिपुस्तकेही मागवली होती. मात्र त्याच सूचना पुढे वाचाव्यात. परिसरातील बदल म्हणजे बसण्याची जागा, आवाज, प्रकाश, कामाचे लहान तुकडे. महिनोन्‌महिने चालणारे समुपदेशन नव्हे. औषधाविना उपचार तिथे मुख्यतः ज्यांना औषध नको आहे, सोसत नाही किंवा लागू पडत नाही, त्यांच्यासाठी सुचवले आहेत.

आणि सवय राहते म्हणता, पण ती माझ्यापाशी कधी राहिलीच नाही, हेच तर माझे दुखणे आहे.

रानवारा

मी तालुक्याच्या गावी औषधाचे दुकान चालवतो, म्हणून या वादातली एक बाजू सांगतो. मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत, येते. ते विकायला वेगळा परवाना लागतो, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत आम्हाला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. २०२०च्या दूरवैद्यक नियमांनुसार शेड्यूल एक्समधले औषध फोनवरच्या सल्ल्यावर लिहून देता येत नाही. माझ्याकडे तो परवाना नाही. परवा एक शिक्षक रजा टाकून, एसटीने तीन तासांचा प्रवास करून जिल्ह्याच्या ठिकाणी गेले आणि तिथे साठा नसल्याने रिकाम्या हाताने परतले. जो माणूस तारखा विसरतो, त्यालाच आपण ही सगळी कसरत दर महिन्याला करायला लावतो. ॲटोमॉक्सेटिन हे एडीएचडीवरचे दुसरे औषध उत्तेजक नाही आणि त्याला ही बंधने नाहीत, पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. तेव्हा आधी गोळी की आधी सवय, हा प्रश्न आमच्या भागात बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही.

दीपमाळ

रानवारा यांचे म्हणणे मला विचारात पाडणारे आहे. तरीही बोस्टनमधल्या एका अभ्यासाचा उल्लेख करतो. २०१०मध्ये तो 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. औषध घेऊनही लक्षणे उरलेल्या ८६ प्रौढांपैकी काहींना नियोजन आणि विचारपद्धतीवरील वर्तनोपचार दिले, इतरांना शिथिलीकरण, म्हणजे शरीर-मन सैल सोडण्याचे तंत्र, शिकवले. पहिल्या गटात सुधारणा अधिक दिसली. म्हणजे केवळ गोळी पुरत नाही, हे तरी आपण मान्य कराल का?

शेवंती

हो, मान्य करते. त्या अभ्यासातली माणसे आधीपासून औषधावर होती, एवढीच आठवण करून देते. माझी छोट्या मात्रेची गोळी सुमारे चार तास टिकते, ती सकाळी नऊला घेते आणि पहिला अर्धा तास फक्त दिवसाची वही लिहिते, कारण एकदा त्या वेळात मोबाइल हाती घेतला आणि सलग तीन तास अत्यंत एकाग्रतेने पडद्यांचे कापड शोधत बसले. आता वही उघडल्याशिवाय मोबाइल कपाटातून बाहेर काढत नाही. चिठ्ठ्यांचा रंगही दर सोमवारी बदलते. नवा रंग दिसतो, जुना दिसत नाही. हे समुपदेशकांनी शिकवले, आणि या वेळी ते सहा महिने टिकले आहे.