घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्टॉर्शन गिटारचे थर वाढवले की आवाज गढूळ का होतो?

खर्जाची_तार
नमस्कार. आमच्या बँडच्या गाण्यांचे रेकॉर्डिंग मी पुण्यात घरीच करत आहे. फ्लॅटमध्ये अ‍ॅम्प मोठ्याने वाजवता येत नसल्यामुळे गिटार थेट ऑडिओ इंटरफेसच्या हाय-झेड इनपुटला (गिटार थेट लावण्याच्या जोडणीला) जोडतो आणि डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज, संगणकावरच्या अ‍ॅम्प सिम्युलेटरमधून (अ‍ॅम्पची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) घेतो. ऱ्हिदमचे चार ट्रॅक आहेत: दोन वेगवेगळे वाजवलेले, आणि त्या दोघांच्या १५ मिलिसेकंद मागे सरकवून विरुद्ध बाजूला ठेवलेल्या प्रती. एकेक ट्रॅक स्वतंत्र ऐकला तर दणदणीत वाटतो. पण चारही एकत्र आले की पाम म्यूटचा (तळहात तारांवर टेकवून वाजवलेला) ठोका बोथट होतो, कॉर्डमधले स्वर ओळखू येत नाहीत आणि मोबाइलवर तर गिटार पार पातळ होते. गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) वाढवावा, आणखी थर चढवावेत, की ईक्यूने (ठरावीक वारंवारता कमी-जास्त करून) दुरुस्ती करावी?

जुनी_फीत
यांपैकी काहीही करण्याआधी त्या सरकवलेल्या प्रती काढून टाका, कारण मोबाइलवर गिटार पातळ होण्याचे मुख्य कारण मला तेच दिसते. तोच आवाज १५ मिलिसेकंदांच्या अंतराने स्वतःत मिसळला की ३३, १००, १६७ हर्ट्झ अशा ठरावीक अंतरांवर तो स्वतःलाच खोडतो. हेडफोनमध्ये डावे-उजवे वेगळे राहत असल्यामुळे हे लपते. फोनचे स्पीकर इतके जवळ असतात की दोन्ही बाजू एकत्र होतात आणि खड्डे उघडे पडतात. म्हणून तपासणी नेहमी मोनोमध्येही (डावे-उजवे एकत्र करून) करावी.

डबल ट्रॅकिंगमध्ये (तोच भाग दोनदा वाजवून रेकॉर्ड करण्यात) रुंदी येते ती दोन टेकमधल्या, म्हणजे दोन वेळच्या वाजवण्यातल्या, बारीक फरकांमुळे. प्लेक्ट्रमचा आघात, तारेवरचा दाब आणि वेळ यांत माणसाच्या हातून जो सूक्ष्म फरक पडतो, तोच कानाला दोन गिटार वाजत असल्याची खात्री देतो. त्यामुळे प्रत्येक थर पुन्हा वाजवण्याला पर्याय नाही. एकाच टेकला दोन वेगळे अ‍ॅम्प लावले तर रंग बदलतो, पण आघात त्याच क्षणी पडत असल्याने ती रुंदी मिळत नाही.

गेन मात्र कमी करा, आणि तोही तुम्हाला अस्वस्थ वाटेल इतका. डिस्टॉर्शन हे मुळातच कॉम्प्रेशन आहे: आघाताची टोके छाटली जातात आणि मागचा गुंजारव वर येतो. चार ट्रॅकचा गुंजारव साठत गेला की ठोका बुडतो. एकटा ऐकताना किंचित कोरडा वाटणारा ट्रॅक थरांमध्ये नेमका बसतो. आणि एकेका ट्रॅकच्या दणदणाटाला भुलल्यामुळेच घरची बहुतेक मिक्स बिघडतात, असे माझे ठाम मत आहे.

प्रत्येक टेकआधी गिटार सुरात लावा, आणि लावताना गाण्यात जितक्या जोराने वाजवता तितक्याच जोराने तार छेडा, कारण जोराचा आघात झाला की स्वर क्षणभर चढतो.

मधला_सप्तक
वरच्या उत्तरात ईक्यूचा मुद्दा राहिला, तो जोडतो. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो. त्याखाली उरते ती बहुतांशी घरघर, म्हणून ७० ते १०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावायला हरकत नाही. आपण ज्याला गिटारचा जाडपणा म्हणतो, तो बराचसा बास गिटारचा असतो. बास बंद करून गिटार जाड करत बसलात, तर बास आल्यावर सगळा पट्टा तुंबणारच. पाम म्यूटमधला धबका साधारण १०० ते २५० हर्ट्झमध्ये साठतो. तिथे कायमचा कट न देता मल्टिबँड कॉम्प्रेसर (ठरावीक पट्ट्याचा आवाज वाढला की तेवढाच दाबणारा) लावा, म्हणजे तो फक्त म्यूटच्या वेळी दबेल.

आणखी एक. सारख्या पातळीचे चार वेगळे टेक दोनांपेक्षा सुमारे ३ डेसिबल मोठे ऐकू येतात आणि मोठे ते कानाला चांगले वाटते. तुलना करताना पातळी समान करूनच निर्णय घ्या.

खर्जाची_तार
दोघांचेही मनापासून आभार. प्रती काढून गेन उतरवल्यावर म्यूट स्पष्ट झाले. मात्र कोरसमध्ये मेजर आणि मायनर कॉर्ड पूर्ण वाजवतो, तिथला गढूळपणा तसाच आहे.

जुनी_फीत
तो मिक्सिंगचा प्रश्नच नाही. दोन स्वर एकाच डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या वारंवारतांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर जन्माला येतात. खालच्या ई आणि बी या पॉवर कॉर्डमध्ये (फक्त मूळ स्वर आणि पंचम असलेल्या कॉर्डमध्ये) ८२ आणि १२३ हर्ट्झची वजाबाकी सुमारे ४१ येते, म्हणजे त्याच ई चा खालचा सप्तक. म्हणून पॉवर कॉर्ड इतका भक्कम वाटतो. त्यात गांधार (मेजर की मायनर ते ठरवणारा स्वर) घातला की गिटारच्या समविभाजित स्वरांतला (सप्तकाचे बारा समान भाग केलेल्या स्वरांतला) तो स्वर नैसर्गिक गांधाराहून मेजरमध्ये किंचित चढा आणि मायनरमध्ये किंचित उतरलेला असल्यामुळे उपजणारे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत आणि घासाघीस सुरू होते.

हे सारे फक्त एकाच डिस्टॉर्शनमधून एकत्र गेलेल्या स्वरांत घडते. म्हणून डाव्या-उजव्या ट्रॅकवर केवळ पॉवर कॉर्ड ठेवा, आणि गांधार वरच्या सप्तकात, एकेकटा स्वर वाजवत, स्वतंत्र ट्रॅकवर आणि स्वतंत्र अ‍ॅम्पमधून घ्या. तो ट्रॅक मुख्य गिटारांपेक्षा बराच खाली ठेवला तरी कॉर्ड मेजर आहे की मायनर, हे ऐकणाऱ्याला लगेच कळेल.