मदत हवी आहे: आईला अन्ननलिकेचा अकॅलेशिया निघालाय, फुगा, ऑपरेशन की पोएम?

नमस्कार मंडळी. आम्ही परभणी जिल्ह्यातले, सेलूजवळचे. आई 54 वर्षांची. बऱ्याच महिन्यांपासून तिचा घास छातीत अडकतोय. भाकरी अडकते म्हणून दुधात कुस्करून द्यायला लागले, तर दूधही उतरेना. जेवल्यावर तासाभराने खाली वाकली की वरणभात तसाच्या तसा तोंडात येतो, आंबटसुद्धा लागत नाही. रात्री आडवी झाली की ठसका. वजन 58 वरून 47 किलोवर आलंय.

तालुक्याला पित्ताच्या गोळ्या चालू होत्या, काडीचा फरक नाही. आई मिश्री लावते, त्यामुळे कॅन्सरची फार धास्ती होती. एंडोस्कोपीत गाठ दिसली नाही. डॉक्टर म्हणाले, कॅन्सरमध्ये सहसा आधी भाकरी-पोळी अडकते, पातळ नंतर. हिला दोन्ही अडकतंय. मग बेरियम पाजून एक्स-रे काढला. अन्ननलिका वर फुगलेली आणि जठराच्या तोंडाशी पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती.

ही नळी जेमतेम 25 सेंटिमीटरची. तिचे स्नायू वरून खाली आवळत घास ढकलतात आणि खालची झडप तेव्हा सैल होते. आईची नळी ढकलत नाही आणि झडपही उघडत नाही, यालाच अकॅलेशिया म्हणतात.

आता मॅनोमेट्री, म्हणजे नळीतला दाब मोजायची तपासणी, सांगितलीय. ती नांदेड, लातूर, संभाजीनगरला कुठे होते? नंतर फुगा (आत फुगवून झडप ताणतात), हेलरचं ऑपरेशन (पोटाकडून झडपेचा स्नायू कापतात) की पोएम (तोंडातून दुर्बीण घालून तोच स्नायू आतून कापतात), काय निवडावं? महात्मा फुले योजनेत बसेल का? हुरड्याचे दिवस आहेत, सगळं घर शेतात, आणि आई वाटीभर आंबील पुढ्यात घेऊन बसलेली असते. बघवत नाही.

प्रतिसाद

ताई, माझ्या धाकट्या भावाला हेच होतं, त्याचं पोएम झालं. मॅनोमेट्रीशिवाय काही ठरवू नका. नाकातून बारीक नळी घालून पाण्याचे घोट गिळायला लावतात. नको वाटतं, पण लवकर आटोपतं. त्यातून अकॅलेशियाच्या तीन प्रकारांपैकी कोणता ते कळतं. तिसऱ्यात नळीला पेटके येतात. तिथे पोएम सरस, कारण आतून स्नायू बराच वरपर्यंत कापता येतो. पहिल्या दोन्हींत तिन्ही उपाय चालतात.

फुगा काही वर्षांनी पुन्हा करावा लागू शकतो. पोएमनंतर जळजळ जास्त होते, भाऊ अजून गोळी घेतो. हेलरमध्ये झडपेपाशी जठराची घडी घालतात, म्हणून ती कमी.

एक ध्यानात ठेवा, कशानेही नळीचं ढकलणं परत येत नाही. झडप मोकळी होते आणि घास वजनाने उतरतो. म्हणून पुढेही ताठ बसून, सावकाश, घोट घोट पाण्यासोबत जेवायचं. सध्या बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावा, रात्रीचं जेवण लवकर द्या. योजनेचं दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. पाणीही उतरेनासं झालं तर त्याच दिवशी भरती करा, तारखेची वाट बघू नका.