मान कशाचा – खिशाचा की भिंगाचा?

टीपकागद (धागाकर्ता)

आमच्या गावात टपाल-तिकिटं जमवणाऱ्यांचं एक छोटं मंडळ आहे. बारा-पंधरा डोकी, त्यातली नऊ साठीपुढची. दर ऑक्टोबरात टपाल सप्ताहाला शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवतो. यंदा ठरलं की दाराशी 'थोर तिकीट-संग्राहक' असा फलक लावायचा. दहा नावं, प्रत्येकाखाली चार ओळी. काल व्हॉट्सॅपवर यादी आली आणि माझं डोकं फिरलं. पहिला फेरारी, दुसरा आर्थर हिंड, तिसरा राजा पंचम जॉर्ज. आपले जाल कूपर नवव्या नंबरावर, तेही 'कुपार' म्हणून.

ज्यांना ही मंडळी माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. फिलिप फॉन फेरारी हा पॅरिसात राहणारा गर्भश्रीमंत माणूस, १९१७ साली गेला. ब्रिटिश गियानाचं १८५६ चं एक सेंटचं किरमिजी तिकीट (जगात एकच प्रत) आणि स्वीडनचं रंग चुकलेलं पिवळं तिकीट, दोन्ही याच्याकडे. दिसेल ते विकत घ्यायचा, घासाघीस नाही. म्हणून लबाड लोक त्याच्यासाठी मुद्दाम खोटी तिकिटं बनवत, त्यांना पुढे 'फेरारिटीज' असं नावच पडलं. हिंड हा अमेरिकेतला कापड कारखानदार. फेरारीच्या पश्चात ते किरमिजी तिकीट त्यानं १९२२ मध्ये लिलावात घेतलं.

माझा प्रश्न साधा आहे. यांनी तिकिटशास्त्राला काय दिलं? पैसे दिले आणि वस्तू घेतली. ते तर मीही भाजीवाल्याशी रोज करतो.

आता कूपर बघा. मुंबईचा पारशी माणूस. तिकिटांचा धंदा केला, 'इंडियाज स्टॅम्प जर्नल' चालवलं आणि भारतातल्या सुरुवातीच्या शिक्क्यांवर जीव ओतून काम केलं. त्या काळात बऱ्याच शिक्क्यांत गावाचं नाव नसायचं, नुसता आकडा. तो आकडा कुठल्या कचेरीचा, हे शेकडो पाकिटं शेजारी शेजारी ठेवून ताडल्याशिवाय कळत नाही. आजही लिलावाच्या वर्णनात शिक्क्याला 'कूपर टाइप अमुक' म्हणतात. १९९७ च्या 'इंडेपेक्स' या जागतिक तिकीट-प्रदर्शनाला टपाल खात्यानं त्यांचं तिकीटही काढलं. हा माणूस नववा?

माझं म्हणणं, फलकावर भिंगवाले घ्या, खिसेवाले नकोत. बोला.

---

सात_रस्ता

टीपकागदराव, तुमचा राग कळला, पण जरा सबुरीनं. भिंग कशावर धरणार? तिकीट शिल्लक असेल तर ना?

फेरारीला खोटी तिकिटं खपवली गेली हे खरं, पण खरी किती जपली ते सांगत नाही तुम्ही. त्यानं मृत्युपत्रात सगळा संग्रह बर्लिनच्या टपाल संग्रहालयाला दिला होता, लोकांनी बघावा म्हणून. फ्रान्सनं तो युद्धाच्या भरपाईत जप्त केला आणि १९२१ पासून लिलावात फुंकला. तो दोष फेरारीचा?

आणि टॅपलिंगचं काय? थॉमस टॅपलिंग, ब्रिटिश खासदार, घरचा पैसा, १८९१ मध्ये ऐन पस्तिशीत गेला. संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन गेला. आज लंडनला ब्रिटिश लायब्ररीत त्यातली तिकिटं फळ्या बाहेर ओढून कुणीही बघू शकतो. मी बघितलीत, एक पैसा न देता. खिसेवाला नसता तर मी काय बघितलं असतं?

---

टीपकागद

टॅपलिंग बरोबर. पण त्या ढिगाऱ्याची मांडणी कोणी केली? एडवर्ड बेकननं. कितीतरी वर्षं खपला त्यावर. पुढे अर्ल ऑफ क्रॉफर्ड या दुसऱ्या धनिकानं तिकिटांवरच्या पुस्तकांचं जगातलं सर्वांत मोठं ग्रंथालय जमवलं, त्याची सूची कोणी केली? पुन्हा बेकन. नंतर पंचम जॉर्जचा संग्रह सांभाळायला कोण? बेकनच! तीन श्रीमंतांच्या मागे एकच माणूस भिंग घेऊन बसलाय आणि आपल्या यादीत त्याचं नावच नाही.

---

पंक्चर

दोघांनाही साष्टांग. मला वाटलं होतं धागा कांदेपोह्यांवरच्या वादाइतका तरी रंगेल.

मुळात सत्कार कशाला? कुणी काड्यापेट्या जमवतं, कुणी बसची तिकिटं, माझा मेहुणा बाटल्यांची झाकणं. त्याचा फलक कधी? छंदात माणसाला मजा येते, तेच बक्षीस. तुम्ही लोकांनी त्याला एकदम 'शास्त्र' करून टाकलंय आणि आता थोर पुरुषही हवेत.

आणि ज्ञानाला दिलेल्या योगदानावरच मान द्यायचा असेल, तर स्पेरातीला पहिला नंबर द्या. जाँ द स्पेराती. फ्रान्समध्ये बसून दुर्मिळ तिकिटं हुबेहूब बनवायचा. १९४२ मध्ये त्यानं परदेशी पाठवलेलं पाकीट कस्टमनं धरलं, मौल्यवान माल जाहीर न करता पाठवला म्हणून. हा म्हणतो, अहो ही मी घरी केलीत. तज्ज्ञांनी तपासून सांगितलं, छे, अस्सल आहेत! त्याच्यामुळे तज्ज्ञ शहाणे झाले. मग?

---

सात_रस्ता

@पंक्चर, मेहुण्याला म्हणावं, आधी झाकणांची नीट सूची कर. मग फलकाचं बघू.

---

निवृत्त_सॉर्टर

मी टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीच रात्रपाळीला आरएमएसच्या (रेल्वे टपाल सेवेच्या) डब्यात. त्यामुळे माझा चष्मा वेगळा.

तुमचे थोर संग्राहक, खिसेवाले असोत की भिंगवाले, एका पापाचे धनी आहेत. त्यांनी पाकिटं मारली. शंभर वर्षं यांनी पाकिटावरून तिकीट कापलं, पाण्यात भिजवलं, आल्बमात लावलं आणि पाकीट बंबात. त्या पाकिटावर काय होतं? कुठून निघालं, कुठे पोचलं, वाटेत किती हातांतून गेलं, उशिरा का आलं, पैसे कुणी कमी भरले. मागच्या बाजूचा पोचशिक्का तर हमखास गेला. टीपकागद म्हणतात कूपरनी पाकिटं ताडून आकडे लावले. ताडायला पाकिटं कुणामुळे कमी पडली, तेही लिहा फलकावर.

दुसरं. हल्ली तिकिटावर शिक्का मारायचा कंटाळा म्हणून बॉलपेननं फुली मारतात. मुलीला मी पाठवलेल्या पाकिटावर, चांगलं पक्ष्याचं तिकीट निवडून लावलेलं, त्यावर निळी फुली. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, माझेच भाऊबंद आहेत. सत्कार करायचाच तर जो माणूस अजून शिक्का स्वच्छ, गोल, तारीख वाचता येईल असा उठवतो, त्याचा करा.

---

टीपकागद

सॉर्टरकाका, पाकिटांचं मान्य. मीही लहानपणी ताटलीत कोमट पाणी घेऊन बसायचो. तिकीट सुटून वर तरंगलं की केवढा आनंद! पाकीट कधी आठवलंसुद्धा नाही.

पण हे पाप आहे हे आपल्याला कळलं कुणामुळे? शिक्के वाचणाऱ्यांमुळेच. खिसेवाल्याला फक्त तिकिटाचा मुखडा हवा होता.

---

अबोली

गंमत आहे. इतका वेळ सगळे पुरुषच. फेरारी, हिंड, टॅपलिंग, बेकन, कूपर, स्पेराती. चोरसुद्धा पुरुष!

एक नाव सुचवते. अ‍ॅडिलेड ल्यूसी फेंटन. छंद नुकता रांगायला लागला होता (फ्रेंच माणूस एर्पँ यानं 'फिलाटेली' म्हणजे तिकीटसंग्रह, हा शब्दच १८६४ मध्ये घडवला), त्या काळातली इंग्लंडमधली बाई. तिकिटांवरच्या मासिकांत लेख लिहायची, 'हर्बर्ट कॅमॉएन्स' या पुरुषी नावानं. का, ते सांगायला नको.

माझी आई पण जमवायची. तिच्या आल्बमला कुणी संग्रह म्हटलं नाही, 'हिची तिकिटं' म्हणायचे. काका जमवायचे तो मात्र 'दादांचा संग्रह'. दोन्हीत तिकिटं तीच, निम्मी तर तिनेच त्यांना दिलेली.

---

पंक्चर

अबोलीताई, हे मात्र पटलं. मेहुण्याची झाकणंही बहीणच धुऊन ठेवते.

---

सात_रस्ता

मुद्द्यावर येऊ. टीपकागद, तुमच्या वर्गवारीत एक घोटाळा आहे. कूपर स्वतः व्यापारी होते. म्हणजे खिसेवाल्यांच्याच जिवावर त्यांचं भिंग चाललं. मग त्यांना कुठल्या रांगेत बसवणार?

आणि पंचम जॉर्ज. तो प्रिन्स ऑफ वेल्स होता तेव्हा १९०४ मध्ये मॉरिशसचं दोन पेनीचं तिकीट त्यानं १,४५० पौंडांना घेतलं. सांगतात की दरबारातल्या कुणीतरी त्याला विचारलं, 'कुठल्या मूर्खानं एवढे पैसे मोजले, ऐकलंत का?' तर हा म्हणाला, तो मूर्ख मीच. विनोद सोडा, त्याच्यामुळे या छंदाला प्रतिष्ठा आली. नामवंत तिकीटतज्ज्ञांची जी नोंदवही ब्रिटनमध्ये १९२१ मध्ये सुरू झाली, तिच्यात पहिली सही त्याची.

---

टीपकागद

पहिली सही त्याची, कारण डोक्यावर मुकुट होता. बेकनचीही सही त्याच वर्षीची, ती मात्र कामाची.

कूपर व्यापारी होते, मान्य. मी पैशाच्या विरोधात नाही हो. पैसा *एवढंच* असेल तर विरोधात आहे. उदाहरण देतो. ते किरमिजी तिकीट उलटं करून बघा, म्हणजे फोटोत. मागे मालकांच्या खुणा आहेत. फेरारीची त्रिदल पानाची, मग हिंडची, मग पुढच्यांच्या. जॉन द्यु पाँ यानं १९८० मध्ये ९,३५,००० डॉलरला घेतलं. पुढे त्यानं एका कुस्तीगिराचा खून केला आणि २०१० मध्ये तुरुंगात मेला, तिकीट तोवर त्याच्याच मालकीचं. २०१४ मध्ये ते जवळजवळ ९५ लाख डॉलरला बूट डिझाइन करणाऱ्या स्टुअर्ट वाइट्झमननं घेतलं आणि मागे उंच टाचेच्या बुटाचं चित्र काढलं.

शिलाजित खाल्ल्यासारखं वाटत असेल त्यांना. पण तिकिटाबद्दल त्या बुटातून काय कळलं? काही नाही. उलट पुढच्या बाजूला टपाल कारकुनानं शाईत केलेली आद्याक्षरं आहेत, 'ई. डी. डब्ल्यू.' इंग्लंडहून तिकिटं यायला उशीर झाला, म्हणून गियानातल्याच वर्तमानपत्राच्या छापखान्यात छापून घेतली आणि खोटी कुणी करू नयेत म्हणून सही करायला लावली. ती चार अक्षरांची रेघोटी मला सगळ्या मालकांपेक्षा मोलाची वाटते.

---

निवृत्त_सॉर्टर

तीन अक्षरं. ई, डी, डब्ल्यू.

बाकी मुद्दा आवडला. कारकुनाची आठवण कुणीतरी काढली.

---

सात_रस्ता

आणि हे तिकीट सापडलं कुणाला तेही घ्या मग. १८७३ मध्ये बारा वर्षांच्या एका शाळकरी पोराला, घरातल्या जुन्या कागदांत. त्यानं सहा शिलिंगला विकलं. ना खिसा, ना भिंग. तुमच्या नियमानं त्याला काहीच नाही, आणि त्याच्याशिवाय बाकी सगळे शून्य.

---

टीपकागद

हं. इथे मी अडकलो.

---

पंक्चर

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

अबोली

फलकावरून एक आठवलं. आपल्या आसपासचं काही असणार आहे का त्यावर? सगळं लंडन-पॅरिस. पोरं येतील ती इथली. बार्टल फ्रियर हा इंग्रज अधिकारी सिंधला जाण्याआधी साताऱ्यात रेसिडेंट होता, आणि त्यानंच १८५२ मध्ये 'सिंध डाक'ची तिकिटं काढली, हे सांगितलं तरी पोरं थांबतील. किंवा भोर! भोर संस्थानानं १८७९ मध्ये स्वतःची तिकिटं काढली होती, हातानं ठसा मारलेली, अर्ध्या आण्याचं आणि एक आण्याचं. नंतर तिथल्या राजाच्या, पंतसचिवांच्या चित्राचं.

आईच्या आल्बमात भोरचं एक आहे असं ती म्हणायची. लालसर, कडा वेड्यावाकड्या कापलेल्या. खरं की खोटं, देव जाणे.

---

टीपकागद

अबोलीताई, फोटो टाका ना. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश नको. आणि काढायला जाऊ नका आल्बमातून, हिंज (तिकीट आल्बमात चिकटवायची कागदी पट्टी) जुना असेल तर तिकीट फाटेल. कडेनं चिमट्यानं हळूच उचलून मागची बाजू दिसते का बघा. कागद कसला आहे त्यावरून बरंच कळतं.

---

अबोली

आत्ताच बघितलं. फोटो अंधुक आलाय, उद्या परत काढते. हिंज अर्धा सुटलेलाच होता, म्हणून मागचं दिसलं. कागद जाडसर, पिवळट. आणि मागे पेन्सिलीनं आईचं अक्षर: 'भोर. भाऊकडून, दोन चिंचेच्या गोळ्यांना.'

---

निवृत्त_सॉर्टर

ते खोडू नका हां.

---

टीपकागद

सॉर्टरकाका म्हणतात तेच. आणि ताई, प्रदर्शनाला आल्बम आणाल का? मंडळाच्या ग्रुपवर मी बोलतो. एक काचपेटी रिकामी आहे, फेरारीच्या चरित्रासाठी ठेवली होती.