आजीच्या वर्षश्राद्धाला स्मरणपुस्तिका काढायची आहे. तिच्या भक्तीबद्दल नेमके काय लिहावे?

कोयनाकाठ (प्रश्न)

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, गेल्या मार्गशीर्षात वारली. आमचे गाव सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात आहे. आजोबा मुंबईला गिरणीत नोकरीस होते आणि १९८२ च्या संपानंतर कायमचे गावी परतले. तोपर्यंत शेती, गुरे, सासू-सासऱ्यांचे आजारपण, मुलांची शिक्षणे आणि बांधावरून चाललेली भाऊबंदकी हे सगळे आजीने एकटीने निभावले. तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती, दोन्ही पंधरवड्यांतील एकादशी तिने कधी मोडली नाही, संध्याकाळचा हरिपाठ झाल्याशिवाय चुलीवरची भाकरी ताटात येत नसे. मुले लहान असताना तिला वारीला जाता आले नाही, पण हात थोडे मोकळे झाल्यावर गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत ती आषाढीला पायी जात राहिली.

वर्षश्राद्धाला नातेवाइकांना देण्यासाठी एक छोटी पुस्तिका छापावी असे घरात ठरले आहे. थोरल्या काकांनी मसुदा केला आहे, परंतु तो वाचताना मी अस्वस्थ झाले. 'प्रेमळ, सोशिक, कष्टाळू, धर्मपरायण' या विशेषणांनी पाने भरली आहेत, आणि नाव बदलले तर तोच मजकूर गावातील कोणत्याही आजीच्या फोटोखाली बसेल. तिची श्रद्धा अशी कशी लिहावी की वाचणाऱ्याला तीच दिसेल? शिवाय तिच्या आयुष्यातील सनावळ्या कोणालाच नीट ठाऊक नाहीत, जन्मतारीखही नाही.

एक अवघड गोष्टही आहे. धाकट्या काकूंचा विवाह आंतरजातीय होता आणि आजीने त्यांना कित्येक वर्षे स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिले नाही. त्यांचे ताट-वाटीही वेगळे असे. पुढे तिनेच घराच्या किल्ल्या याच काकूंच्या हाती दिल्या. काका म्हणतात, हे लिहायचे नाही. मला ते वगळणे खोटेपणाचे वाटते. जाणत्यांनी मत द्यावे.

टाळकरी

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांची वारी आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो. घरच्या मंडळींना आजी घरातली माहीत असते. वारीच्या त्या अठरा-वीस दिवसांत ती कोण होती, हे मात्र तिच्या दिंडीतील माणसांनाच माहीत असते, आणि माझा अनुभव असा की ती निराळीच बाई असते. घरी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी सासूबाई चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण आटोपल्यावर फुगडी घालताना, गवळणी म्हणताना आणि बरोबरच्या बायकांची थट्टा करताना मी पाहिली आहे. तुमच्या काकांच्या मसुद्यात ही आजी नसणार, कारण त्यांनी ती पाहिलेलीच नाही.

तेव्हा ती कोणत्या दिंडीत चालत होती ते आधी शोधा. माउलींच्या पालखी सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या असतात आणि रथामागे त्याहून पुष्कळ अधिक. प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला जी शिस्त लावली, ती आजही पाळली जाते, त्यामुळे 'रथामागे अमुक नंबर' एवढे जरी घरात कोणाला आठवत असेल तरी माग लागतो. दिंडीत जेवणखाणासाठी भिशी भरावी लागते आणि तिच्या नोंदी पुष्कळ दिंड्यांचे चालक वर्षानुवर्षे जपून ठेवतात. तुमच्या भागातील पुष्कळ लोक आळंदीला न जाता लोणंदला येऊन मिळतात. आजीही तसेच करीत असेल तर लोणंद ते पंढरपूर या वाटेवर तिच्यासोबत चाललेल्या बायका फलटण, माळशिरस भागातही सापडतील. त्यांपैकी ज्या हयात आहेत त्यांना आताच भेटा. तिच्याकडे कोणते काम असे, डोक्यावर तुळस कोणत्या मुक्कामापर्यंत असे, पाऊस लागल्यावर ती काय करी, कोणाच्या पायाचे फोड तिने बांधले, हे प्रश्न विचारा. 'तिची भक्ती कशी होती' असे मात्र विचारू नका. त्या प्रश्नाला सगळे जण 'फार मोठी' एवढेच उत्तर देतात.

जुने दप्तर

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे सनावळीपुरते सांगतो.

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुन्या कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. मात्र त्या काळी नोंद बापाच्या नावावर होई, आणि पुष्कळदा 'अमक्यास मुलगी' एवढेच लिहिलेले असे. म्हणून आजीच्या माहेरच्या गावाची, तिच्या वडिलांच्या नावाची नोंद शोधावी लागेल, सासरची नव्हे. जुन्या नोंदी मोडीत असण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा मोडी वाचणारा माणूस बरोबर न्या. आजोबा वारल्यानंतर सातबाऱ्यावर वारस लागले असतील, तर त्या फेरफारात आजीचे आणि सर्व मुलामुलींची नावे एकत्र मिळतील. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर येथे तुमच्या घराण्याचे क्षेत्रोपाध्याय असतील तर त्यांच्या वह्यांत गावनिहाय व आडनावनिहाय वंशावळी सापडतात, आणि कोण कधी आले त्याचीही नोंद कधी कधी मिळते.

कागद मिळालाच नाही, तर घरातील आठवणी मोठ्या घटनांना जोडून पाहा. तुमच्या तालुक्यात याला सर्वांत उपयोगी घटना म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप. 'भूकंपाच्या वेळी आत्या पाळण्यात होती' किंवा 'तेव्हा नवे घर बांधून झाले नव्हते' असे कोणी ना कोणी नक्की सांगेल. १९७२ चा दुष्काळ ही दुसरी खूण. जन्म अधिक महिन्यातला असल्याचे आजी सांगत असेल तर काम आणखी सोपे होते, कारण एकाच नावाचा अधिक मास बहुधा १९ वर्षांनी परत येतो. २००४ आणि २०२३ या दोन्ही वर्षी अधिक श्रावण होता. तिथून मागे मोजत जा आणि जुन्या पंचांगाशी ताडून पाहा. आजोबांच्या मनिऑर्डरींची कुपने ट्रंकेत असतील तर ती आधी जपा. कुपनावरच्या त्या दोन ओळींत घरखर्चाचा आणि नवरा-बायकोच्या बोलण्याचा जेवढा पुरावा असतो तेवढा दुसऱ्या कुठल्याही कागदात नसतो.

निवृत्त बाई

मी मराठी शिकवत असे. माझी सूचना आजीच्या मुखातल्या शब्दांविषयी आहे. ती अभंग म्हणायची ते छापील गाथेशी ताडून दुरुस्त करण्याचा मोह पुस्तिका काढणाऱ्या प्रत्येकाला होतो, तो आवरावा. पाठांतर ऐकून झालेले असते, त्यात चरण मागेपुढे होतात, एखाद्या अभंगाचे कडवे दुसऱ्याला जोडले जाते. तिने आयुष्यभर ज्या रूपात ते म्हटले, तेच रूप छापावे आणि खाली कोणतीही दुरुस्ती देऊ नये.

जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच. तुमच्या आजीच्या वयाच्या स्त्रिया लहानपणापासून दळण दळत आल्या, म्हणून त्यांच्या विठ्ठलभक्तीचा मोठा भाग कीर्तनापेक्षा जात्यावर घडला, असे मला वाटते. त्या ओव्यांत पंढरपूर हे माहेर असते आणि विठ्ठल हा कधी बाप, कधी भाऊ, तर कधी चक्क रुसवा काढायचा घरचा माणूस असतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि गाणाऱ्या बाईच्या व तिच्या गावाच्या नावासह नोंदवल्या. आता त्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येत आहेत व अनेक ओव्या ऐकताही येतात. त्या आधी तुम्ही ऐका, मग आजीच्या बहिणीला किंवा नणंदेला ऐकवा. 'ओव्या सांगा' म्हटले की म्हाताऱ्या बायका आठवत नाही म्हणतात; दुसरीची ओवी कानावर पडली की मात्र 'आमच्याकडं असं न्हाई म्हणत' असे सांगून स्वतःची म्हणू लागतात.

घरचा माणूस

स्वयंपाकघराच्या गोष्टीबाबत मी काकांच्या बाजूचा आहे. गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. वर्षश्राद्धाला जमलेल्या पाहुण्यांच्या हाती घरातला जुना सल देऊन काय साधणार? तो काळच तसा होता, आणि शेवटी किल्ल्या दिल्या यातच सगळे आले.

टाळकरी

'घरचा माणूस' यांचा संकोच मला समजतो, पण 'काळच तसा होता' हे पटत नाही. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषण करून विठ्ठलाचे मंदिर हरिजनांसाठी खुले करायला लावले. म्हणजे ज्या देवळाच्या वाटेने आजी चालत होती, त्याचे दार काकू सून म्हणून येण्याच्या कितीतरी आधी उघडले होते. आजीच्या चुलीपर्यंत ते पोहोचायला आणखी वेळ लागला, आणि तो कसा व का लागला हाच तिच्या श्रद्धेचा खरा इतिहास आहे. वारकरी परंपरेला असे लिहिणे नवीन नाही. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानल्यामुळे नवऱ्याचा राग आणि मार सोसावा लागल्याचे स्वतःच्या अभंगांत सांगितले आहे, आणि त्याच नवऱ्याचे मन पुढे पालटले हेही सांगितले आहे. आधीचा अर्धा भाग गाळला असता तर नंतरच्या अर्ध्याला काही अर्थ उरला नसता. किल्ल्या द्यायच्या तर आधी दार बंद होते, हे सांगावेच लागते.

निवृत्त बाई

दोघांच्याही बोलण्यात एक माणूस राहिले आहे. त्या काकू हयात आहेत. हे छापायचे की नाही, हे काकांनी ठरवायचे नाही आणि पुतणीनेही नाही. आधी त्यांना विचारा, आणि त्या नको म्हणाल्या तर तेवढ्यावर थांबा.

कोयनाकाठ

सर्वांचे आभार. काकूंशी काल फोनवर सविस्तर बोलले. छापायला त्यांची हरकत नाही; फक्त ते पान आपण स्वतः लिहू, काकांनी त्यातला शब्द बदलायचा नाही, अशी त्यांची अट आहे. किल्ल्या मिळण्याच्या प्रसंगाबद्दल त्यांनी जे सांगितले ते आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते: आजोबांच्या शेवटच्या आजारपणात एका एकादशीला आजीला उठवत नव्हते, तेव्हा तिने काकूंना हाक मारून देवपूजा करायला सांगितली आणि स्वतः अंथरुणावरून हरिपाठ म्हटला. द्वादशीचे पारणे काकूंच्याच हातच्या स्वयंपाकावर सुटले. त्या दिवसाबद्दल आजी पुढे कधीही काही बोलली नाही. काकांना हे सांगितले आहे, ते अजून गप्प आहेत.

मनिऑर्डरीची कुपने नाहीत, पण आत्याकडे आजीची पितळी टाळांची जोडी निघाली आहे आणि तिच्या पिशवीवर रंगाने दिंडीचा क्रमांक लिहिलेला आहे. त्यातला शेवटचा आकडा पुसट झाला आहे. टाळकरी, 'रथामागे १३' पर्यंत वाचता येते. पुढचा आकडा कोणता, हे शोधण्यासाठी आळंदीला नेमके कोणाकडे चौकशी करावी?

टाळकरी

आळंदीच्या संस्थान कार्यालयात दिंड्यांची यादी असते, तिथे विचारा. १३० ते १३९ या क्रमांकांतील ज्या दिंड्यांत पाटण-कऱ्हाडकडची माणसे आहेत त्या आधी निवडा, म्हणजे दोन-तीनच फोन करावे लागतील. आकडा पुसलेला नसून मुळातच दोन आकडी असेल, तर १३ नंबरच्या दिंडीलाही फोन करा. कार्तिक वद्य एकादशीला हे सगळे लोक आळंदीत असतात, त्यामुळे तोपर्यंत पत्ता लागला नाही तर तेव्हा स्वतः जा आणि टाळ बरोबर न्या.