अनुभव धागा: जपानी-भारतीय कार्टून रामायण तुम्ही कुठं, कुणासोबत पाहिलं?

गोदाकाठ (नांदेड)
रामनवमीला गल्लीतल्या पोरांनी मंदिराच्या मांडवात पडदा बांधून 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' लावला होता. मी सुंठवडा वाटायला गेले आणि तिथंच बसले. अमरीश पुरींचा रावण बोलायला लागला अन् केबलचे दिवस आठवले. सुट्टीत कार्टून नेटवर्कवर लागायचा. आजोबांच्या माळवदाच्या घरात आम्ही सगळी मावस-चुलत भावंडं सतरंजीवर, मागं मोठी माणसं. आजोबा एरवी कार्टून म्हटलं की टीव्ही बंद करायचे, हा सुरू झाला की स्वतः आवाज वाढवायचे.
मला आजवरच्या पडद्यावरच्या रामांत हा सगळ्यात जवळचा वाटतो. त्याला लढताना वाईट वाटतंय हे चेहऱ्यावर दिसतं. लहानपणी हे सांगता यायचं नाही, पण कळायचं.
तुम्ही कुठं पाहिला, काय आठवतं, लिहा. आवडला नसेल तर तेही लिहा.

मोंढ्यातला
कुंभकर्ण!!! बस, एवढंच. त्याला उठवतात तो सीन लागला की माझा धाकटा भाऊ पलंगाखाली.

हिंगोलीची सून
आमच्या इकडं युद्ध सुरू झालं की लाईट जायची. भारनियमनाची वेळ अन् सिनेमाची वेळ नेमकी एक. मला लग्नाआधी शेवट माहीतच नव्हता, म्हणजे रामायणाचा माहीत होता हो, सिनेमाचा नव्हता. पुष्पक विमान अयोध्येला उतरतं ते नवऱ्यासोबत मोबाईलवर पाहिलं. दूध उतू जातंय, नंतर लिहिते

शेवगा
@मोंढ्यातला भाऊ आता काय करतो? 😀

मोंढ्यातला
पोलीस आहे 😀 पलंगाखालची गोष्ट त्याच्या पोरांना सांगितली की चिडतो.

बालाघाट
थोडी माहिती देतो, कारण हा सिनेमा कसा झाला हे पुष्कळांना माहीत नसतं. युगो साको हे जपानी दिग्दर्शक. 1983 मध्ये पुरातत्त्वज्ञ डॉ. बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करायला ते भारतात आले आणि रामायणात गुंतले. जपानीत मिळतील तेवढी रामायणं वाचून काढली. देवाचं काम नटाकडून करून घेण्यापेक्षा चित्रांतूनच ते नीट दाखवता येईल, असं त्यांचं मत होतं. आपल्याकडून राम मोहन. आपल्या अ‍ॅनिमेशनमधला मोठा माणूस. धोतर कसं नेसतात, मोठ्यांच्या पाया कसं पडतात, हे जपानी चित्रकारांना आपल्या माणसांनी समजावून सांगितलं. सगळं हातानं काढलेलं, जवळपास एक लाख चित्रं. 1992 चा सिनेमा. पुढच्या वर्षी दिल्लीच्या चित्रपट महोत्सवात दाखवला, पण थिएटरात आपल्या वाट्याला तेव्हा आलाच नाही. साको 2012 मध्ये गेले, राम मोहन 2019 मध्ये. जानेवारी 2025 ला तो देशभर पडद्यावर लागला, तेव्हा दोघंही नव्हते. याचं मला फार वाईट वाटतं.

गोदाकाठ (नांदेड)
@बालाघाट दादा, पाया पडायचं वाचून अंगावर काटा आला. आता पुन्हा बघताना तेच बघणार.

तुरीचं शेत
आमच्याकडं टीव्ही नव्हता, सरपंचाच्या ओट्यावर बघायचो. बाकी यंदा तुरीवर मर रोग कुणाकडं दिसतोय का? आमच्या बांधाकडच्या ओळी वाळायल्यात.

शेवगा
@तुरीचं शेत दादा, त्यात पाणी साचतंय का बघा आधी. व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

पैठणची लेक
2025 ला पुन्हा लागला तेव्हा संभाजीनगरला सासूबाईंना घेऊन गेले होते. हिंदी डबिंग नवीन केलेलं. अमरीश पुरी नाहीत, रामाचा आवाज दिलेले अरुण गोविल नाहीत. चित्र इतकं स्वच्छ, शरयूचं पाणी, जंगल, लंकेतले दिवे, पण रावण बोलायला लागला की मन लागेना. नव्या कलाकारांनी मेहनत केलीय, त्यांना नावं ठेवत नाही. आमच्या कानात बसलेला आवाज वेगळा, इतकंच.
दुसरं म्हणजे मराठीत का नाही? हिंदी, इंग्रजी, तमिळ, तेलुगू होतं. आमच्या आत्याबाई खेड्यातून आलेल्या, त्यांना हिंदी समजतं पण भरभर बोललेलं नाही. माझी लेक शेजारी बसून सांगायची, "आजी, आता बग, शेपटीला चिंध्या गुंडाळायलेत. तेल ओतायलेत. आता पेटवतेत." मागच्या रांगेतला एक माणूस आधी हुश्श करत होता, नंतर पुढं वाकून तोच ऐकायला लागला. मराठीत आला तर मी पुन्हा तिकीट काढीन.

मानार
मराठी पायजेच. +1

वाचनवेडी परभणी
मला नाही आवडला. स्पष्ट लिहिते, रागावू नका. माझी आजी रोज भावार्थ रामायणाची पोथी वाचायची, त्यामुळं माझ्या डोक्यातली सीता तिची. इथली सीता मोठ्या डोळ्यांची, परक्या देशातल्या बाहुलीसारखी वाटली. आणि उत्तरकांडाला हातच लावलेला नाही. लहान मुलांसाठी ठीक, मला अपुरा वाटला.

गोदाकाठ (नांदेड)
@वाचनवेडी परभणी रागवायचं काय त्यात ताई, म्हणून तर धागा काढला. डोळ्यांचं मलाही आधी खटकलं होतं. वनात निघताना ती रामाशी बोलते त्या प्रसंगानंतर मी डोळे विसरले.

पैठणची लेक
@वाचनवेडी परभणी भावार्थ रामायण म्हटलं की आम्हा पैठणकरांना बोलायलाच लागतं 🙂 एकनाथ महाराजांनी युद्धकांडाच्या 44 अध्यायांपर्यंत लिहिलं, पुढचं गावबानं पूर्ण केलं. तोच पुरणपोळीवाला गावबा.

हिंगोलीची सून
पुरणपोळीवाला म्हणजे??

पैठणची लेक
अगं, त्याला पुरणपोळी इतकी आवडायची की घरचे कंटाळून नाथवाड्यात सोडून गेले अशी कथा आहे. नाथांच्या पत्नी गिरिजाबाईंनी त्याला सांभाळलं. शब्द नीट फुटत नव्हता म्हणतात, अन् त्याच पोरानं ग्रंथ पुरा केला.

हिंगोलीची सून
माय गं! हे आजच कळलं. आज कटाची आमटी आहे आमच्याकडं, सासूबाईंना सांगते.

वाचनवेडी परभणी
@पैठणची लेक आजी हीच गोष्ट सांगायची. धागा कुठून कुठं गेला पण बरं वाटलं.

दौलताबादी
सिनेमा बघितला त्याच वर्षी शाळेची सहल वेरूळला. कैलास लेण्यात, सोळा नंबर, रावण कैलास हलवतोय ते शिल्प. वीस हात लावून जोर करतोय, वर पार्वतीनं शंकराचा दंड घट्ट धरलाय आणि तिची दासी पाठ फिरवून पळायलीय. सरांनी विचारलं हा कोण, तर अख्खा वर्ग अमरीश पुरींच्या आवाजात हसला. पाहरेकरी काका धावत आले. तिथंच भिंतीवर ओळींमध्ये रामायण कोरलंय, सेतू बांधणारी माकडं धोंडे वाहताना दिसतात. आता मुलांना नेतो तेव्हा आधी घरी सिनेमा दाखवतो, मग लेणं. त्यांना कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही, स्वतःच बोट दाखवतात.

बालाघाट
@दौलताबादी हे भारी आहे. आमच्या शाळेला पाठवतो तुमची कल्पना.

मोंढ्यातला
गाण्यांवर कुणीच बोललं नाही. वनराज भाटियांचं संगीत. इंग्रजी सिनेमातसुद्धा गाणी संस्कृतमध्ये आहेत, ऐकलीत का? आमच्या वडलांनी ती मोबाईलवर घेतलीत, दुकान उघडलं की आधी तीच लावतात. शेजारचा चहावाला आता ती सोबत म्हणतो.

शेवगा
@मोंढ्यातला लिंक टाका ना

मानार
मलाही. आणि कुंभकर्णाच्या वेळी भावाला फोन करा 😀

मोंढ्यातला
दोघांना व्यनि केला. भाऊ ड्युटीवर आहे, रात्री करतो.