मदत हवी आहे: चिकट झालेल्या जुन्या पिशव्यांचं प्लास्टिक न कापता कसं ओळखावं?

लालबाग-परळच्या गिरणी कामगार कुटुंबांकडून मुलाखतींसोबत 1982 च्या संपाआधीच्या वस्तू अभ्यासाला मिळाल्यात: कंगवे, साबणदाण्या, पिशव्या. सगळं परत द्यायचंय, त्यामुळे खरवडणं, तांब्याच्या तारेवर जाळून बघणं, डायफेनिलअमाइन या चाचणी-रसायनाचा थेंब टाकणं, सगळं बाद.

एटीआर-एफटीआयआर केलंय (वस्तू क्रिस्टलवर टेकवून अवरक्त किरणांनी पदार्थ ओळखायची पद्धत; पुढचे आकडे प्रति सेंमी). कंगवे लगेच सुटले: 1650 आणि 1280 ला ठळक शिखरं, म्हणजे सेल्युलोज नायट्रेट (सेल्युलॉइड). (ते वेगळे, हवेशीर ठेवलेत, बंद डब्यात वाफा कोंडल्या की शेजारच्या धातूलाही गंज चढतो.)

अडलंय पिशव्यांवर. वर पाझरलेल्या प्लास्टिसायझरचंच (प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या द्रव्याचंच) चित्र येतं: 1725 आणि 1600-1580 ची जोडी, उघडउघड थॅलेट हा प्लास्टिसायझर. खाली पीव्हीसी असावं, पण कार्बन-क्लोरीनचे पट्टे 600 ते 700 मधले आणि आमचा क्रिस्टल झिंक सेलेनाइडचा, 650 खाली आंधळा. आयसोप्रोपेनॉलने पुसावं तर छापलेलं दुकानाचं नाव जाईल, आणि इतिहासवाल्यांना नेमकं तेच हवंय!

हातात धरायच्या एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्रावर) हेलियमशिवाय क्लोरीन (2.62 केईव्ही) खात्रीने दिसतं का, की शाईतल्या शिशाची जवळच येणारी एम-रेषा (2.34) घोळ घालते? नसेल जमत, तर मुंबईत बाहेरच्या प्रकल्पाला डायमंड एटीआर (हिऱ्याचा क्रिस्टल, 650 खालीही बघणारा) कुठे वापरू देतात?